दुपारची अर्धी गोळी

१

प्रणोती बोरकुटेच्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टर हेमलता भुसारींनी दोनदा वाचला. औषधाची पातळी जेवढी हवी त्याच्या अर्ध्यावरही नव्हती. लग्नाआधी कित्येक वर्षं जिला फिटचा एकही झटका आला नव्हता, तिला या उन्हाळ्यात झटक्यावर झटके येत होते, आणि शेवटचा आला तो स्वयंपाकघरात, पोळ्या करताना. हात तापल्या तव्यावर पडला. आता त्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती.

जबलपुरात गोरखपुर भागातल्या बाजाराला लागून डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. तिथे येतात ते जवळजवळ सगळे मिरगीचे रुग्ण, पण पाटीवर तसं कुठे लिहिलेलं नाही. पाटी म्हणते, 'सिरदर्द एवं नसों का दवाखाना'. आत कोणाला नावानं हाक मारत नाहीत. कंपाउंडर श्रीपाद नंबर पुकारतो आणि ज्याचा असेल तो मान खाली घालून उठतो. लोकांची लाज राखली जावी म्हणून बाईंनीच घालून दिलेली ही पद्धत होती, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

दुसरा अभिमान होता तो माणसं ओळखण्याचा. माणूस खुर्चीत बसला की त्याचं घर कळतं, असं त्या म्हणायच्या. त्या दिवशी प्रणोतीच्या एका बाजूला तिची सासू इंदिराबाई बसली होती, दुसऱ्या बाजूला वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले बाबाराव झाडे. सासू बोलत नव्हती, डोळ्याला डोळा देत नव्हती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. गोळ्या वेळेवर देता ना, असं विचारलं तर नुसती मान हलवली. गोळ्या कुठे ठेवता विचारलं तर चेहरा पांढरा पडला.

बाईंना तेवढं पुरलं. रागाच्या भरात त्यांचा आवाज चढला.

"गोळी पोटात गेली तर रक्तात दिसते. दिसत नाहीये, म्हणजे जात नाहीये. घरातच कोणीतरी या पोरीची गोळी मधल्यामध्ये गायब करून राहिलं आहे. आणि हा हात बघा. अजून काय व्हायची वाट बघता?"

हे बोलताना त्या सरळ इंदिराबाईंकडे बघत होत्या. त्याच वेळी श्रीपाद चहा घेऊन आत येत होता. बाहेरच्या बाकांवर खच्चून माणसं बसली होती आणि त्यांत बोरकुट्यांच्या ओळखीची दोन मराठी घरं होती. दार सताड उघडं होतं.

२

बाबारावांनी मुलीला दवाखान्यातूनच माहेरी नेलं. तिची बॅग नाही, साडी नाही, काही नाही. तिलवाऱ्याच्या वाटेवर त्यांचं घर आहे, तिथे जायला निघतानाच त्यांनी दवाखान्याखालच्या दुकानातून गोळ्यांची नवी स्ट्रिप घेतली, आणि मुलगी आता आमच्याकडेच राहील असं जावयाला फोनवर कळवून टाकलं.

पुढचं काम लोकांच्या जिभेनं केलं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात इंदिराबाई ज्या सतरंजीवर बसल्या, तिथल्या बायका एकेक करून दुसरीकडे सरकल्या. त्यांची मुलगी वैभवी हिचं जमत आलेलं लग्न पाहुण्यांनी 'जरा थांबू' म्हणून लांबवलं. सून जाळणारी बाई, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

हे सगळं बाईंना सांगितलं ते गौतमनं, प्रणोतीच्या नवऱ्यानं. तो संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होता आणि पाळी संपवून तसाच युनिफॉर्मवर आला होता. बाईंना वाटलं भांडायला आला असेल. पण तो खुर्चीच्या कडेवर टेकून बसला आणि खालच्या आवाजात बोलला.

"मॅडम, आई गोळी स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात देते. पाणी पाजते, आ कर म्हणते, जिभेखाली बघते. मी रोज पाहून राहिलो. अशी बाई गोळी लपवेल काहून?"

बाईंनी त्यालाही तपासून घेतलं. औषध कोण आणतं? तोच. कुठून? दवाखान्याच्या खालच्या दुकानातून. मध्येच कधी स्वस्तातलं दुसरं घेतलं? कधीच नाही. त्याच्या बोलण्यात कुठे खोट सापडेना, आणि ती सापडत नाही याचाच बाईंना राग आला. दुकानातच खोट म्हणावी तर तिथूनच त्यांचे निम्मे रुग्ण औषध नेत होते, आणि बाबारावांनी घेतलेली नवी स्ट्रिपही त्याच दुकानातली होती.

जाता जाता गौतम दारात थांबला. बाबाराव सोमवारी पोलीस ठाण्यात तक्रार देणार आहेत, म्हणाला, आणि तक्रारीसोबत डॉक्टरांचं लेखी म्हणणं जोडणार आहेत.

"त्यांनी मला साफ सांगितलं, मॅडम. तुमच्या आईवर आम्ही नाही, डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलंय. एवढी मोठी डॉक्टर खोटं बोलेल काय?"

तो गेल्यावर बाईंनी प्रणोतीचा रिपोर्ट पुन्हा काढून समोर ठेवला. गोळी डोळ्यांदेखत गिळली जात असेल, तर त्यांनी भर दवाखान्यात जे वाक्य उच्चारलं होतं ते धडधडीत चूक होतं. आणि एका घराचं सोमवारपासून काय होणार, ते त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः तिलवाऱ्याच्या वाटेला लागल्या. रुग्णाच्या घरी जायची त्यांची सवय नव्हती. बाबारावांनी त्यांना देव आल्यासारखं बसवलं, कैरीचं पन्हं दिलं, आणि दर दोन वाक्यांनी विहीणबाईंचा उद्धार केला. माहेरी आल्यापासून मुलीला एकही झटका नाही, याहून मोठा पुरावा कोणता, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खोडायला बाईंकडे काही नव्हतं.

प्रणोतीला त्यांनी आतल्या खोलीत एकटीला गाठलं. पोर हुशार होती, पण बोलताना आधी दाराकडे बघायची. गोळीनंतर उलटी? नाही. कोणा वैद्याची पुडी, काढा? नाही. उपास? सासूबाई करू देत नाहीत. पाळी वेळेवर आहे, दिवस गेलेले नाहीत. मूल हवं म्हणून तिनंच गुपचूप गोळी थुंकली असेल, ही शंकाही बाईंनी बोलून दाखवली. प्रणोतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थुंकणार कशी? सासरी आई समोर उभ्या असतात. सकाळची, रात्रीची अख्खी आणि दुपारची अर्धी. ती अर्धी तर त्या सुपारीच्या सरोत्यानं तोडून देतात. इथं बाबा नखानंच मोडून देतात, दोन भाग कसे सारखे होतात. तिथं बारीक-मोठे तुकडे होतात, पण देतात नेमानं."

बाईंनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. स्ट्रिपमधून गोळी काढताना तू पाहतेस ना?

प्रणोतीनं पुन्हा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली की लग्न झाल्यापासून तिनं त्या घरात स्ट्रिप पाहिलेलीच नाही. गौतम पुडकं आणतो, आई ते आपल्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. गोळी येते ती एका डबीतून.

बाबाराव दाराआड ऐकत होते हे तेव्हा कळलं. ते तरातरा आत आले.

"झालं की मग. गोळी बदलून राहिली ती. पांढऱ्या गोळ्या काय, बाजारात पोत्यानं मिळतात. मॅडम, चला. आत्ताच्या आत्ता चला, डबी गायब व्हायच्या आधी."

बाईंनाही दुसरं काही सुचत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी त्यांना हायसं वाटलं. डबीत भलत्याच गोळ्या निघाल्या, तर त्यांचं वाक्य खरं ठरणार होतं. म्हाताऱ्या बाईचा गुन्हा सिद्ध व्हावा असं आपल्याला वाटतंय, हे ध्यानात आलं आणि गाडीत बसेपर्यंत त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

४

बोरकुट्यांचं घर गोहलपुरात, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. दार गौतमनं उघडलं. सासऱ्याबरोबर बायको आणि डॉक्टर अशी वरात बघून तो नुसता बाजूला झाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत आल्यावर मात्र अंगावर गारवा आला. खिडकीत भला मोठा कूलर घरघरत होता, खसच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि चौकटीचं लाकूड ओलीनं काळं पडलं होतं. अक्षय तृतीयेला कूलर लावतो, तो पाऊस येईपर्यंत बंद होत नाही, असं गौतम उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

इंदिराबाई आतून आल्या. इतक्या थोड्या दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. बाबारावांनी डबी मागितली तशी त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि कूलरला लागून असलेल्या कोनाड्यात हात घातला. जुनी पितळी डबी, कुंकवाची असावी. तिच्याशेजारी एक अडकित्ता होता.

डबीत पांढऱ्या गोळ्या होत्या. बाईंनी एक उचलून उजेडात धरली. छाप तोच, मधली रेघ तीच. गोळी खरी होती. बाबारावांना ते पटेना. ते म्हणत होते की छापसुद्धा नकली निघतात. बाई मात्र अडकित्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"या घरात सुपारी कोण खातं?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही, गौतम म्हणाला.

बाईंनी गोळी दोन्ही अंगठ्यांत धरली आणि रेघेवर दाबली. ही गोळी त्यांनी रुग्णांना शिकवताना शेकडो वेळा मोडली होती. ती नखानं मोडते. ही मोडेना. जोर लावला, नख दुखलं, तरी मोडेना. आणि मग तिलवाऱ्याला ऐकून सोडून दिलेली गोष्ट त्यांना आठवली. इथं सरोता, तिथं नख.

त्यांनी दोन पेले पाणी मागितलं. प्रणोतीच्या पर्समधल्या नव्या स्ट्रिपमधून एक गोळी काढून एका पेल्यात टाकली, डबीतली दुसऱ्या पेल्यात. सगळे पेल्यांकडे बघत राहिले. पहिल्या पेल्यातली गोळी फुगली, तिच्या कडा सुटल्या, बघता बघता ती भुकटी होऊन तळाशी बसली. दुसऱ्या पेल्यात गोळी तशीच होती, नर्मदेतल्या गोट्यासारखी. बाईंनी चमच्यानं ढवळलं तर पेल्यावर आपटून वाजली.

"गोळी कोणी बदलली नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. ही गोळी ओल ओढून घेते. स्ट्रिपमध्ये असते तोवर तिला काही होत नाही. मोकळी करून दमट हवेत ठेवली की दिसायला तशीच राहते, पण आतून दगड होते. पोटात जाते आणि नीट न विरघळताच पुढे सरकते. हिवाळ्यात लग्न झालं, तेव्हा डबी कोरड्या हवेत होती, म्हणून काही झालं नाही. अक्षय तृतीयेला कूलर लागला आणि झटके सुरू झाले. माहेरी डबी गेली नाही, नवी स्ट्रिप आली, झटके थांबले. सून रोज गोळी गिळत होती, सासू रोज देत होती, आणि रक्तात काही उतरत नव्हतं.

"पण कूलरपाशी ठेवल्या काहून, आई?" गौतमनं विचारलं.

इंदिराबाईंचा आवाज इतका बारीक होता की कूलर बंद करावा लागला.

"मॅडमनंच सांगितलं होतं. चैत्रात आलो तेव्हा. ऊन वाढून राहिलं, गोळ्या थंड जागी ठेवत जा. घरात याहून थंड जागा कुठं आहे?"

हेमलताबाईंना आठवलं. रोज पन्नास जणांना त्या हे वाक्य सांगत होत्या. थंड आणि कोरड्या जागी, असं औषधाच्या खोक्यावर असतं. कोरड्या हा शब्द त्यांनी घाईघाईत कधी गाळून टाकला होता, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. लाजेनं त्यांचे कान तापले. बाबाराव तर खाली वेताच्या मोढ्यावर बसले होते, आणि विहीणबाई म्हणून सुरुवात करून त्यांना पुढचा शब्द सापडत नव्हता.

५

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांना शिकवायची खोड असते. आपली लाज झाकायला असेल, बाईंनी विचारलंच, की स्ट्रिपमधून गोळ्या काढल्याच कशाला? मिरगी म्हणजे काय पाप आहे, की ती अशी दार लावून लपवावी?

इंदिराबाईंनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"स्ट्रिपवर नाव राहते, मॅडम. आजकाल मोबाइलमध्ये नाव टाकलं की बीमारी दिसते. वैभवीला पाहायला लोक येऊन राहिले होते. मी भ्याली. लपवलं, माझं चुकलं, माझ्या सुनेचा हात जळला. मला त्याची शरम आहे, मरेपर्यंत राहील." मग त्या म्हणाल्या, "पण तुमच्या पाटीवर काय लिहिलं आहे? सिरदर्द."

बाईंनी हात जोडले. चूक माझी होती, तुमच्यावर नको ते बोलले, मला माफ करा, असं त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. गौतम गडबडून 'नाही नाही मॅडम' करायला लागला. इंदिराबाईंनी त्याला हातानं थांबवलं.

"बोलल्या तेव्हा दार उघडं होतं," त्या म्हणाल्या. "आता चार भिंतींत काहून बोलता?"

परत येताना गाडीत बाबाराव एकच वाक्य बोलले. ते म्हणाले, सोमवारी मी ठाण्यात जात नाही. हेमलताबाईंना मात्र सोमवारी दवाखान्यात जायचं होतं आणि तिथे जाण्याची त्यांना कधी नव्हे ती भीती वाटत होती. आजारपण काढून घरी राहावं, पत्र लिहून पाठवावं, श्रीपादला सांगायला लावावं, असे सगळे पळपुटे विचार त्यांनी करून पाहिले. एवढ्या वर्षांची अब्रू बाकावरच्या लोकांसमोर काढून ठेवायची, म्हणजे काय ते त्या दोन दिवसांत त्यांना कळलं. इंदिराबाईंची अब्रू काढून ठेवायला त्यांना एक घोट चहाएवढाही वेळ लागला नव्हता.

सोमवारी बाक नेहमीसारखे भरले होते. प्रणोतीच्या तपासणीसाठी बोलावलेले बोरकुटे आले, आई, मुलगा आणि सून तिघंही. ओळखीच्या मंडळींनी एकमेकांना कोपरं मारली. इंदिराबाई भिंतीला लागून बसल्या, पदर ओढून, नजर पायांवर. सून त्यांच्या शेजारी.

डॉक्टरीणबाई खोलीतून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्या हिंदीत बोलल्या, म्हणजे कोणाचं समजायचं राहू नये.

"उस दिन इसी दरवाज़े से मैंने कहा था कि इंदिरा जी बहू को दवा नहीं देतीं। वो ग़लत था। उन्होंने एक भी गोली नहीं छोड़ी। गोली सीलन से ख़राब हुई थी, और ठंडी जगह रखने को मैंने कहा था। सूखी जगह कहना मैं भूल गई। ग़लती मेरी है, उनकी नहीं।" मग त्या इंदिराबाईंकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "सगळ्यांसमोर माफी मागते."

एका म्हातारबांनी आपल्या पिशवीतली प्लास्टिकची डबी बाहेर काढली, उघडून बघितली आणि परत बंद केली. बाईंचा चेहरा लाल झाला होता. आत पळून जावंसं वाटत होतं, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या, कारण इंदिराबाईंनी अजून मान वर केली नव्हती.

काय करावं हे न कळून श्रीपादनं आपलं काम केलं. त्यानं पुढचा नंबर पुकारला.

तो प्रणोतीचाच होता. ती उठली नाही. पट्टीचा हात मांडीवर ठेवून तिनं सासूकडे पाहिलं. इंदिराबाईंनी पिशवीत हात घातला, गोळ्यांची स्ट्रिप बाहेर काढली आणि नाव वर येईल अशी मांडीवर ठेवली.

"श्रीपादजी," प्रणोती म्हणाली, "नंबर नका घेऊ. नाव घ्या."

श्रीपादनं डॉक्टरांकडे पाहिलं. नाव घ्यायची त्या दवाखान्यात रीत नव्हती. त्याला सांगण्याऐवजी हेमलताबाईंनी स्वतःच हाक मारली.

"प्रणोती बोरकुटे."

सासू आणि सून दोघी एकदमच उठल्या.